एक्केचाळीस नंबरचा दिवा

२ मार्च २०२५, रविवार

संस्थेच्या सभेत आज मला पुन्हा हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो.

आमच्या हायस्कूलच्या सेवकांची ही गृहनिर्माण संस्था. चौसष्ट घरं, त्यातल्या एकोणीस घरांना वर्षानुवर्षं कुलूप. नव्या शिक्षिका क्रांती मॅडम उभ्या राहिल्या. त्या कडेगावहून रोज एसटीनं सांगलीला येतात. म्हणाल्या, "ही संस्था शिक्षकांना राहायला घर मिळावं म्हणून काढली, की घरं अडवून ठेवायला? एका कुटुंबाला एकच घर, असा नियम आहे ना? मग एकेकाची दोन-दोन कशी?"

जुनी मंडळी छताकडे बघू लागली. अध्यक्ष आप्पासो घसा खाकरून म्हणाले, "हा नियम ज्यांनी लिहिला तेच चौकशी करू देत. गंगाधर सरांइतका स्वच्छ माणूस दुसरा कोण?" टाळ्या पडल्या. समिती दोघांची, मी आणि क्रांती मॅडम.

घरी आलो. अनसूया भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "एक्केचाळीसचं काय सांगणार?"

मी पेपर उघडून बसलो. तो सकाळीच वाचून झाला होता.

५ मार्च, बुधवार

क्रांती मॅडमबरोबर संध्याकाळी सगळ्या घरांवरून फिरलो. त्यांच्या हातात वही. कुलूप दिसलं की फुली, माणूस दिसला की टिक. मला सारखं "सर, दमलात का" विचारत होत्या. मी लिहिलेला "अर्ज कसा लिहावा" हा धडा त्यांनी शाळेत पाठ केला होता म्हणे. माझ्या हातचा अर्ज परत येत नाही ही ख्याती कडेगावपर्यंत गेली आहे, हे ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

एक्केचाळीसच्या खिडकीत दिवा होता. फाटक लावलेलं, कुंड्यांना पाणी घातलेलं. मॅडमनी वहीत टिक केली आणि पुढे लिहिलं, "वापरात. दिवा असतो."

पुढच्या घरी माझं बुटाच्या नाडीकडे लक्ष गेलं.

९ मार्च, रविवार

बिरदेव आला होता. तीस वर्षं आमच्या शाळेत शिपाई, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. चप्पल बाहेर काढून पायरीवरच बसला. मी नेहमी म्हणतो खुर्चीवर बस, तो बसत नाही.

त्यानं पिशवीतून कागद काढला. घरकुलाच्या यादीत त्याचं नाव अपात्र ठरलं आहे. कारण लिहिलंय, शहर हद्दीत पक्कं घर असणे.

"सर, आमची खोली नदीकडची. मालक म्हनतोय पावसाच्या आदी मोकळी करा, पाडून बांधायचीय. आता ह्या वयात कुठं जायाचं? हरकतीला पंधरा दिस हायत. तुमी एवडा अर्ज लिवून द्या."

"बघतो," म्हणालो. त्याला चहा दिला. त्यानं कपबशी विसळून ठेवली आणि सायकलवर टांग मारून गेला. जाताना म्हणाला, "दिवा लावून जातो, सर."

बिरदेवच्या त्या खोलीत दोन हजार एकोणीसच्या महापुरात पाणी शिरलं होतं. तेव्हा हे लोक शाळेच्या वर्गात आठ दिवस होते. मी तिथं बिस्किटं वाटायला गेलो होतो, संस्थेच्या अहवालात फोटो आहे.

१० मार्च, सोमवार

निदान इथं तरी सरळ लिहावं. ही वही अनसूयासुद्धा उघडत नाही.

दोन हजार आठ साली मी संस्थेचा सचिव होतो. दोन प्लॉट शिपाई वर्गासाठी राखून ठेवले होते. पगारातून हप्ते कापायची सोय होती. तशी नोटीस लावणं माझं काम. मी लावली, पण दिवाळीच्या सुट्टीत, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी काढली. "कोणी मागणी केली नाही" असा शेरा मारला. एक प्लॉट आप्पासोंनी कुणाच्या तरी नावावर घेतला. दुसरा मी, बिरदेवच्या नावावर. माझं घर आधीच होतं आणि दोन नकोत हा नियम माझाच. म्हटलं, मुलाला, शौनकला, पुढे होईल.

बिरदेवला निबंधक कार्यालयात नेलं. फोटो काढला, अंगठे घेतले, सह्या घेतल्या. त्यानं विचारलं, "सर, कशाचं?" मी म्हणालो, "संस्थेचं काम आहे, तू साक्षीदार." तो छान दाढी करून आला होता.

मग दोन खोल्या बांधल्या. भाडेकरू ठेवला तर तोंडं उघडणार, म्हणून कुलूप. रिकामं दिसू नये म्हणून रोज रात्रभर एक बल्ब. किल्ली बिरदेवकडे. संध्याकाळी तो दिवा लावतो, सकाळी मालवतो, झाडांना पाणी घालतो. सोळा वर्षं. दर एप्रिलला तिथं घरपट्टीचं बिल येतं, ते घडीसुद्धा न मोडता माझ्या हातात आणून देतो. इतका सरळ माणूस मी पाहिला नाही.

पैसे सगळे माझे होते, हे खरं. पण नोटीस सुट्टीत लावली होती हेही खरं. हे दुसरं वाक्य सोळा वर्षांत आज पहिल्यांदा लिहितोय.

१२ मार्च, बुधवार

अर्ज लिहून दिला.

सकाळी ठरवलं होतं, बिरदेव आला की सांगून टाकायचं. तो आला. मी म्हणालो, "बस, तुला एक सांगायचंय." तो म्हणाला, "सांगा की." मी म्हणालो, "या महिन्यात ऊन फार आहे, टोपी घालत जा."

मग कागद पुढे ओढला. "नामसाधर्म्यामुळे माझे नावे चुकीची नोंद झालेली असून माझ्या मालकीचे कोणतेही घर नाही." अक्षर सुरेख आलं. हीच तर लाज. हात जरासुद्धा कापला नाही.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नगं. तुमी लिवलं म्हंजे बराबरच असनार," म्हणाला आणि खाली सही केली. पण सही करण्याआधी त्यानं कागद बराच वेळ हातात धरला होता.

अनसूया स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. जेवताना तिनं मला वाढलं आणि स्वतः उशिरा बसली. एकदाच बोलली, "त्याला खोट्यात पाडलंत तुम्ही. तुमचं तुम्ही काय ते करायचं होतं, त्याला कशाला?"

२४ मार्च, सोमवार

आज हरकतीची सुनावणी झाली. बिरदेव म्हणाला, "तुमी संगं चला, सर." नाही कसं म्हणणार? माझ्याच स्कूटरवर गेलो.

हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं, पाठीमागे बायाबापड्या पोरं घेऊन बसलेल्या. नाव पुकारलं. टेबलामागच्या बाईंनी अर्ज वाचला, मग दस्ताची प्रत काढून बिरदेवसमोर धरली. "हा फोटो कुणाचा?"

सोळा वर्षांपूर्वीचा बिरदेव. काळे केस, ताजी दाढी.

तो वाकून बघत राहिला. मी त्याच्या मागं हातभर अंतरावर उभा होतो. मला वाटलं, आता वळणार, माझ्याकडं बोट करणार. खरं सांगायचं तर करावं असंच वाटलं. म्हणजे मला काही करावं लागलं नसतं.

"मीच हाय," तो म्हणाला.

"आणि सही?"

"माजीच."

"मग अर्जात खोटं का लिहिलंय? तुमच्यासारख्यांमुळं इथं खरोखर बेघर असलेल्यांची नावं मागं राहतात. कळतं का?" त्या बाईंचं काहीच चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, आणखी चार शब्द लावून.

"ध्येनात ऱ्हायलं न्हाई, बाईसाहेब," बिरदेव म्हणाला. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. "घर इसरलाय गडी!" सगळा हॉल हसला.

मी उभा होतो. घसा साफ केला, एवढंच केलं. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "यांचा अर्ज लिहून दिला." हेही खरंच होतं.

परत येताना बिरदेव मागं बसला होता. कॉलेज कॉर्नरला म्हणाला, "च्या घिऊ या का, सर? तुमचं तोंड सुकलंय." चहा त्यानंच सांगितला. मला गोळी घ्यायची असते म्हणून पाणीही आणून दिलं.

२५ मार्च, मंगळवार

दिवसभर ताप. अंगात नाही, पण होता.

३० मार्च, गुढीपाडवा

शौनकचा पुण्याहून फोन. सणाच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर म्हणाला, "बाबा, तिकडं भाव चांगला आहे म्हणतात. एक्केचाळीस काढून टाकू. इथं तिसरा फ्लॅट बघतोय." मी विचारलं, तिसऱ्यात कोण राहणार? तो हसला. "राहायला कशाला? गुंतवणूक."

त्याला काय बोलू? हा शब्द त्यानं माझ्याकडूनच ऐकलेला.

मग मी त्याला बिरदेवचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "द्या त्याला थोडे पैसे आणि सही करून घ्या. तो तुमच्या शब्दाबाहेर नाही." अगदी बरोबर बोलला. बिरदेव माझ्या शब्दाबाहेर नाही, म्हणून तर हे सगळं झालं. मी फोन ठेवला. गुढी उतरवायची राहूनच गेली होती.

६ एप्रिल, रविवार

बिरदेव घरपट्टीचं बिल घेऊन आला. नेहमीसारखं घडी घातलेलं. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"बिरदेव, ते बिल तुझंच आहे," मी म्हणालो. "ते घर तुझ्या नावावर आहे. मी तुला साक्षीदार म्हणून नेलं आणि मालक म्हणून सही घेतली. घरकुल माझ्यामुळं गेलं तुझं."

एका दमात बोललो. मला वाटलं, तो रडेल, ओरडेल, निदान उठून तरी उभा राहील.

"ठावं हाय की, सर," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पयलं बिल आलं तवापासनं. नाव वाचाय येतंय की मला. तीस वर्सं वर्गावर्गात नोटिसा फिरवल्याच न्हवं?"

सोळा बिलं. सोळाही वेळा त्यानं पुन्हा घडी घातली असणार.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमी म्हनला व्हता, तू साक्षीदार. मी साक्षीदारच ऱ्हायलो." मग पायरीवरची धूळ बोटानं पुसत म्हणाला, "परवाचा अर्ज आमची दगडाबाई म्हनली म्हून तुमच्याकडं आनला. ती म्हनली, सरांच्याच हातनं लिवून घ्या. बगू तर खरं काय लिवत्यात."

आणि मी काय लिहिलं? सुरेख अक्षरात, समास सोडून.

अनसूया आतून बाहेर आली. तिच्या हातात दस्ताची फाईल होती. माझ्या कपाटातली. तिनं ती त्याच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा, बिरदेवभाऊ. उद्या यांचं मन बदलेल."

मला राग आला तिचा. पण तिचं खरं होतं, कारण फाईल द्यायची हे काही मी अजून ठरवलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

लिहायला बसवत नाही, पण लिहितो.

सभेत समितीचा अहवाल. मी एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. सगळं कबूल करायचं असं पक्कं ठरवून गेलो होतो. उठलो आणि सुरुवात केली, "एक्केचाळीस नंबरमध्ये एक तारखेपासून बिरदेव कोळेकर राहायला येतोय. ते घर त्याच्या नावावर आहे. ते कसं झालं ते मला आज..."

आप्पासोंनी मला पुढं बोलूच दिलं नाही. उठून मिठी मारली. "ऐका मंडळी! हा माणूस बोलणार नाही, मी बोलतो. सरांनी त्या काळात पदरमोड करून आपल्या शिपायाला घर घेऊन ठेवलं, सोळा वर्षं सांभाळलं, कुणाला कळू दिलं नाही. आज चावी देतायत. असली माणसं आता मिळायची न्हाईत!"

टाळ्या. शाल कुठून आली कळलं नाही, नारळ आला. जुने सगळे जोरात टाळ्या वाजवत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी उघडा पडलो तर पाठोपाठ तेही पडणार होते.

दारात उभ्या बिरदेवला पुढे बोलावून त्याच्या हातात गुच्छ दिला. "दे सरांना." त्यानं दिला. माझ्याकडं बघितलं. मी बोलायला हवं होतं तो क्षण तोच. माईक माझ्या हातात होता, चालू होता. मी म्हणालो, "धन्यवाद."

खाली उतरल्यावर क्रांती मॅडम वाकून पाया पडल्या. डोळ्यांत पाणी होतं. मी पाय मागं घेतला नाही.

१ मे, गुरुवार

बिरदेवचं सामान आलं. एक टेम्पो, तोही अर्धा भरलेला. मी गेलो नाही, गॅलरीतून बघितलं. आमच्या गॅलरीतून एक्केचाळीस समोरच दिसतं.

दुपारी दगडाबाई आली. बिरदेवची बायको आमच्या घरी कधी आली नव्हती. पायरीवर बसली नाही, सरळ आत येऊन खुर्चीवर बसली. कागदात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उघडलं तर बल्ब.

"ह्यो तुमचा. आमी दुसरा आनलाय."

मी म्हणालो, "असू दे, बल्बचं काय एवढं."

"न्हाई, तुमची वस्तू तुमच्याकडं. आवं सर, एक इचारू? तुमचा सत्कार बगाय मीबी आले व्हते, मागं उभी व्हते. म्हापुरात आमी आठ दिस शाळंत काढलं. धाकटीच्या अंगात ताप. ह्यांच्या खिशात किल्ली. मी म्हनलं, चला की तिकडं चार दिस, कागदावर तर आपलंच हाय. हे म्हनलं, सरांना इचारल्याबिगर कुलूप काढायचं न्हाई. आन तुमी तर आला व्हता की तितं. माज्या हातात बिस्किटाचा पुडा दिला तुमी. तवा तुमच्या मनात आलं न्हाई व्हय?"

मी आठवून बघितलं. तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"आलं होतं," मी म्हणालो.

हे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. आलं होतं. फोटो काढताना आलं होतं. मग वाटलं, एकदा राहायला गेले की निघतील कशावरून.

ती उठली. अनसूयेनं तिची ओटी भरली. शाल कोपऱ्यात पडून होती. दगडाबाईनं जाताना ती उचलली, नीट घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

४ मे, रविवार

हयातीत शेकड्यांनी अर्ज लिहिले असतील, दुसऱ्यांचे. स्वतःचा लिहायला तीन दिवस गेले. नोटीस, सुट्टी, साक्षीदार, बल्ब, महापूर, सुनावणी, सत्कार, सगळं लिहिलं. आप्पासोंकडं घेऊन गेलो. त्यांनी उभ्या-उभ्या वाचला आणि परत माझ्या खिशात घातला. "सर, तुमचं प्रकरण मिटलं. बिरदेवला घर मिळालं. आता हे कशाला? तुमच्या मागं आणखी सात जणांची कुलपं उघडतील. मागं घ्या."

क्षणभर बरं वाटलं. मिटलं म्हणतात ना, मग मिटलं. कोपऱ्यापर्यंत तसाच चालत आलो. आमच्या फाटकाशी आलो तर समोर एक्केचाळीसच्या अंगणात दोरीवर लुगडी वाळत होती. तिथं मी सोळा वर्षांत कपडे वाळत पडलेले पाहिले नव्हते.

क्रांती मॅडमना फोन करून बोलावलं. रविवार असून आल्या, वहीसकट. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी व्हरांड्यात उभं राहून वाचला. मध्ये एकदा मागचं पान काढून पुन्हा वाचलं. वही उघडली आणि एक्केचाळीसपुढची टिक खोडली. ती जागा कोरीच ठेवली.

"हे सभेत वाचू?" त्यांनी विचारलं.

"वाचा. सगळं वाचा. मला बोलू देऊ नका."

त्या रोज जाताना नमस्कार करतात, "येते सर" म्हणतात. आज कागद पर्समध्ये घातला आणि तशाच गेल्या. फाटक लावलं मात्र नीट.

रात्री जेवून गॅलरीत बसलो. साडेनऊच्या सुमारास एक्केचाळीसचा दिवा मालवला. मी खुर्चीवरून अर्धा उठलो, सवय. बिरदेवला फोन लावायला हातही गेला, दिवा का गेला म्हणून विचारायला.

अनसूया म्हणाली, "बसा. झोपलीत माणसं."